बिनखोळीची बंदूक

हिरडाटोल्याच्या सुशिलाबाई पटले यांनी भर रस्त्यावर नागरिकांमध्ये दहशत निर्माण केली, असं एका सरकारी कागदावर लिहिलेलं आहे. खाली पंचाची सही आहे, गोल शिक्का आहे. ज्यांनी ही बाई पाहिली नाही त्यांच्या माहितीसाठी: वय एकसष्ट, उंची पाच फुटांच्या आत, डाव्या गुडघ्यात वात, आणि रस्त्यात कोणाचं वासरू सुटलेलं दिसलं तर ते हाकत घरी पोचवून मगच पुढे जाणार. म्हणे दहशत! लिहिणाऱ्याचा हात कसा धजला कोण जाणे.

तिच्याजवळ बंदूक आहे, ही गोष्ट मात्र खरी. सासऱ्याच्या, म्हणजे रामलाल पटलांच्या वेळची ठासणीची बंदूक. नळीत वरून दारू घालायची, गजाने ठासायची, टोपी बसवायची आणि घोडा ओढायचा. परवाना पिकाच्या राखणीचा. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी धानाच्या ज्या शेवटच्या बांध्यांना मिळतं त्यांत पटलांची तीन एकरं, आणि शेताच्या कडेला, धुऱ्याला लागूनच, जंगल. जंगलातून डुकरं येतात ती एक-दोन येत नाहीत, वऱ्हाड येतं. धान लोंबीवर आला की एका फेरीत अर्धा एकर आडवा. खातात थोडं, लोळतात फार. त्यांना मारायला वनखात्याची परवानगी लागते, आणि सुशिलाबाईला मारायचंही नसतं. दिवस मावळताना धुऱ्यावर उभं राहून आभाळाकडे नुसत्या दारूचा एक बार काढायचा, एवढंच काम. आवाज नाल्यापलीकडे घुमला की कळप दुसरी वाट धरतो. पत्र्याचे डबे, फटाके, जुन्या लुगड्यांची बुजगावणी, सगळं करून झालेलं आहे. डब्याला डुकरं आठवड्यात सरावतात. बंदुकीला अजून सरावलेली नाहीत.

नवरा नंदलाल काविळीने गेला तेव्हा मुलगा उमेंद्र शाळेत होता. वारस म्हणून परवाना आपल्या नावावर व्हावा यासाठी सुशिलाबाईने गोंदियाच्या चकरा सुरू केल्या. कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारा एक जण बसायचा. त्याने चष्म्यावरून पाहत विचारलं, "बाई, चालवता येते का पण?" ती म्हणाली, "सासऱ्यानं शिकवली. तुमाले येते का?" तो खो खो हसला आणि त्याने अर्ज असा नेटका लिहून दिला की पुढे कोणी एक शब्द काढला नाही. त्याला तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षांत त्या बंदुकीने चिमणीसुद्धा मेली नाही.

रामलालने सुनेला बंदुकीबरोबर तिचा रिवाजही शिकवला होता. पिकाची बंदूक गावातून, रस्त्यातून न्यायची ती उघडी. खांद्यावर, नळी आभाळाकडे, आणि नळीच्या तोंडात लाल चिंधी खोसलेली, म्हणजे रिकामी आहे हे लांबूनच कळावं. बंदूक घेऊन कोणाच्या गाडीत बसायचं नाही. लग्नात, सभेत, दारूच्या दुकानापाशी थांबायचं नाही. समोरून माणूस आला तर आपण आधी हाक घालायची. म्हातारा म्हणायचा, "झाकून नेली का लोकं इचारतेत, हा कोनावर चाल्ला? उघडी नेली का इचारतेत, डुकरं आले का?" यात न समजण्यासारखं काही नाही. ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याने लपवायचं कशाला, असा साधा हिशेब.

त्या हिशेबाने सुशिलाबाई दर वर्षी तपासणीला आणि दर निवडणुकीला बंदूक जमा करायला नऊ किलोमीटर चालत ठाण्यात जायची. वाटेवरच्या टोल्यांना, म्हणजे वाड्या-वस्त्यांना, तिची बंदूक दिसली की निवडणूक लागल्याचं कळायचं, पेपर नंतर यायचा. बाया विहिरीवरून हाक मारायच्या, "बाई, मतदान कई आहे?" पोरंटोरं मागे धावायची. नऊ किलोमीटरमध्ये ती जाताना कोणी दार लावून घेतलं असेल तर ते कुत्रं आत येऊ नये म्हणून.

आता ओमेशबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. ओमेश रेतीचा ठेकेदार. गोंदियात त्याच्या गाडीला रस्ता सोडतात. त्याच्याजवळ पिस्तूल आहे, तेही परवान्याचं, जिवाला धोका आहे म्हणून. कोणापासून धोका, हे परवान्यात नसतं. बारा महिने अंगात जॅकेट, मे महिन्यातसुद्धा, आणि जॅकेटाखाली कमरेला कातडी म्यान. बोलता बोलता तो जॅकेटाचा पदर उगीच सारखा करतो. समोरच्याची नजर तिथे जाते, आवाज खाली येतो, आणि ओमेशचं काम होतं. पिस्तूल बाहेर काढायची गरजच पडत नाही.

पण कधीमधी तो काढतो. गेल्या मे महिन्यात सुशिलाबाईची भाची रुची हिचं लग्न फुलचूरला लॉनवर होतं. वरपक्षाकडून ओमेश आलेला. डीजे वाजत होता, नवरदेव घोड्यावरून उतरत होता, आणि ओमेशने जॅकेटाखालून पिस्तूल काढून हवेत दोन बार काढले. मांडवाच्या कापडाला बोटभर भोक पडलं. एक लेकरू किंचाळलं, मग लोक टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या! कायद्यात या मर्दुमकीला दोन वर्षांपर्यंतची कैद लिहिलेली आहे. गेटबाहेर गर्दी आवरायला दोन शिपाई उभे होते, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि रस्त्यावरच्या मोटरसायकली हलवायला सुरुवात केली.

सुशिलाबाई मात्र पंगत सोडून उठली. थेट ओमेशपुढे जाऊन उभी राहिली. तिचं डोकं त्याच्या छातीपर्यंत.

"आत टाक ते. लेकरं आहेत मांडवात."

"अरे काकी, खुशी का मौका है," ओमेश हसत म्हणाला.

"खुशी तोंडानं कर. वर गेलेली गोळी खाली कुठं पडते, तुले माहीत आहे का? मी तेवीस वर्सं बंदूक धरून राहिली, माणसाच्या मेळ्यात एक बार नाही काढला."

आजूबाजूचे हसले. ओमेशही हसला, पण ओठांनीच. पिस्तूल म्यानात गेलं, वरून जॅकेट आलं, आणि जणू काही घडलंच नव्हतं. जेवणं झाली, फोटो निघाले. कोणी तक्रार केली नाही. लग्नघरात विघ्न कोण आणणार? सुशिलाबाईनेही केली नाही, आणि याची टोचणी तिला पुढे फार लागली.

मग आला ऑक्टोबर. धान पोटरीतून बाहेर पडला होता, आणि बंदूक तपासणीला न्यायची तारीख होती. सुशिलाबाईने नळी पुसली, दस्त्याला तेल लावलं, चिंधी खोसली आणि सकाळी निघाली. ठाण्यासमोर मुन्नालालची चहाची टपरी. तिथे ती नेहमी दम खाते. बंदूक बाकड्याला टेकवून तिने चहा घेतला. मुन्नालालने धान कसा आहे, सुनेची तब्येत कशी आहे, असं सगळं विचारलं. नीतूला, म्हणजे तिच्या सुनेला, सातवा महिना लागला होता. मग बाई रस्ता ओलांडून ठाण्यात गेली.

ठाणेदार नवे होते, बदली होऊन आलेले. त्यांच्यासमोर खुर्चीत ओमेश बसला होता. त्याच्याही पिस्तुलाची तपासणी होती. टेबलावर चहाचे दोन कप, शेजारी कातडी म्यान. ठाणेदारांनी मान वर केली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे काय? उघडी बंदूक घेऊन आलात तुम्ही? रस्त्याने?"

"हो साहेब. दर वर्सी अशीच आनते."

"दर वर्षी? नियम माहीत आहे का? सार्वजनिक ठिकाणी शस्त्र पूर्ण झाकलेलं पाहिजे. कव्हरमध्ये. दोन हजार सोळाचा नियम आहे."

"मले कोनी सांगतलं नाही. रिकामी आहे साहेब, चिंधी पाहा."

"चिंधीचं काय सांगता? लोक घाबरतात." मग ठाणेदारांनी टेबलावरचं म्यान उचललं आणि शाळेत मास्तर नकाशा दाखवतो तसं तिला दाखवलं. "हे बघा, असं आणायचं असतं. कोणाच्या नजरेला पडत नाही. जबाबदार परवानाधारक असा असतो."

ओमेश खाली बघून चहा पीत होता. सुशिलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हा जबाबदार? साहेब, यानं मे महिन्यात फुलचूरच्या लग्नात दोन बार काढले. माह्या डोळ्यांदेखत."

"तक्रार आहे का तशी?"

"सगळ्या मांडवानं पाह्यलं!"

"फटाके असतील काकी," ओमेश मऊ आवाजात म्हणाला. "लग्नात फटाके वाजतेतच."

ठाणेदारांनी कप खाली ठेवला. वय बघून गुन्हा दाखल करत नाही, म्हणाले, पण बंदूक ताब्यात घेतो आणि परवान्याबद्दल वर अहवाल पाठवतो. पंचनामा झाला. पंच म्हणून समोरच्या टपरीवरून मुन्नालालला बोलावलं. त्याने चहाचे हात पँटला पुसले आणि दाखवलं तिथे सही केली.

नियम खोटा नव्हता, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. नियम आहे, आणि तो करणाऱ्यांनी काहीतरी विचार करूनच केला असेल. शहरात बंदूक उघडी नेली तर माणसं घाबरतील, खरं आहे. पण तो नियम हिरडाटोल्याला सांगायला इतक्या वर्षांत एक माणूस आला नाही. आणि सांगायचा दिवस उजाडला तोही असा, की समोर मांडवाला भोक पाडणारा खुर्चीत, आणि डुकरं हाकणारी उभी. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

बंदुकीशिवाय घरी येताना वाटेतल्या प्रत्येक टोल्याने विचारलं, "बाई, बंदूक कुठी?" ती चालत राहिली. आठ दिवसांनी नोटीस आली. नीतूने ओसरीवर बसून वाचून दाखवली. परवाना रद्द का करू नये याचा खुलासा करावा. परवानाधारक यांनी शस्त्राचे खुलेआम प्रदर्शन करून नागरिकांमध्ये दहशत निर्माण केली, असे पंच मुन्नालाल यांचे समक्ष निष्पन्न झाले आहे.

"पुन्हा वाच," सुशिलाबाई म्हणाली.

नीतूने पुन्हा वाचलं.

"दहशत म्हंजे जे नक्षलवाले करत होते ते?"

"हो माय. भेव दाखवनं."

सुशिलाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. "कोनाले? नाव लिवलं आहे का कोनाचं? कोन भेला मले?" नाव कोणाचंच नव्हतं.

त्याच आठवड्यात डुकरं पहिल्यांदा उतरली. सकाळी उमेंद्र बांधीवर गेला आणि तिथूनच ओरडत आला. जंगलाकडची बांधी लोळून सपाट झाली होती, दुधात आलेल्या लोंब्या चिखलात. मायलेकांनी डबे बांधले, धूर केला. चौथ्या दिवशी दुसरी बांधी गेली. धान अजून महिनाभर उभा राहायचा होता, आणि राखायला हातात काठी.

उमेंद्र ठाण्यातल्या मुन्शीला भेटून एक कागद घेऊन आला. छापील माफीनामा. त्यावर सही केली की सुनावणीच्या दिवशीच बंदूक परत, असं मुन्शीने सांगितलं होतं. त्यात लिहिलं होतं की माझ्याकडून नियमाचा भंग झाला, माझ्या कृत्यामुळे लोकांमध्ये दहशत पसरली याची मला जाणीव आहे, त्याबद्दल मी क्षमा मागते.

"कर ना सही माय. कागदच आहे."

"पयल्या ओळीवर करते. झाकून नाही नेली, खरं आहे. दुसरी ओळ खोड."

"छापेल आहे ते. खोडता येत नाही."

"मंग नाही करत."

"काऊन अशी करून राहिली तू? धान चाल्ला डोयापुढं! एका शब्दासाठी?"

"एका शब्दासाठी नाही," ती म्हणाली. "रस्त्यानं जाते तेव्हा टोल्यावरच्या म्हाताऱ्या मले हाक मारतेत. उद्या त्यायले कोनी सांगेल, तुमी त्या बाईले भेत होते, बाईनं सोता लिहून देलं. मंग मी त्यायले का सांगू?"

उमेंद्र पाय आपटत निघून गेला. तो वाईट मुलगा नाही. पेरणीपासून तो त्या बांध्यांत राबला होता, आणि बायकोचं पोट पुढे आलेलं. त्याच्या जागी कोणीही हेच म्हटलं असतं. नीतूने संध्याकाळी सासूला भाकर नेहमीपेक्षा एक जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी सुशिलाबाई मुन्नालालच्या टपरीवर गेली. दोन गिऱ्हाइकं उठून जाईपर्यंत थांबली.

"मुन्ना, त्या दिवशी तुले भेव लागला का मायाकडून?"

मुन्नालाल चुलीवरच्या दुधाच्या गंजाकडे पाहत राहिला. "बाई, मी वाचलं नाही त्यात का होतं ते."

"वाचलं नाही ते मी नाही इचारत. भेव लागला का?"

"नाही बा. कायले भेव लागंल?"

"बंदूक कुठं होती मी चहा पेत होती तेव्हा?"

"याच बाकड्याले."

"मंग दहशत कोनत्या बाकड्यावर बसली होती?"

मुन्नालाल रडकुंडीला आला. "बाई, मायी टपरी ठान्यासमोर आहे. ते सही म्हनतेत, मी सही करतो. महिन्याले चार करतो. कोनाच्या मोटरसायकलच्या, कोनाच्या दारूच्या. तुमच्या कागदावरही केली. चुकलं मायं."

"चुकलं ते मले नको सांगू. तिथं सुनावनीत येऊन सांग."

"तिथं?" मुन्नालालने ठाण्याकडे पाहिलं आणि गंजाखालचा जाळ कमी केला.

सुनावणी गोंदियाच्या कचेरीत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. समोर एक बाई अधिकारी होत्या, वयाने उमेंद्रएवढ्याच. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले, हे सुशिलाबाईने पाहिलं आणि तिला जरा बरं वाटलं.

"शस्त्र झाकून नेलं नाही, हे मान्य आहे?"

"मान्य आहे. मले नियम ठाव नव्हता. आता ठाव झाला, आता झाकून नेईन. सूनबाईनं खोळ शिवाले घेतली आहे."

"मग दहशतीबद्दल?"

"ते खोटं आहे."

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, समजून घ्या. तुम्ही दोन्ही मान्य केलं तर मी आजच ताकीद देऊन बंदूक सोडते. दुसरी गोष्ट तुम्ही नाकारली तर मला पंचाला बोलवावं लागेल. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तुमचं पीक उभं आहे ना?"

"उभं आहे. जेवढं डुकरायनं ठेवलं तेवढं."

"मग?"

मागे उभा असलेला उमेंद्र हळूच म्हणाला, "माय." एवढंच. सुशिलाबाईला तो आवाज पाठीत रुतला. तीन आठवडे म्हणजे काय, हे तिला त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. उशिरा पिकणारा भारी धान कापायला आला असता तोपर्यंत. तोंडचा घास होता तो, सुनेच्या बाळंतपणातला भात होता.

"पंचाले बोलवा," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "अन् मॅडम, मले एक तक्रारही लिहून द्याची आहे. मे महिन्यात द्याले पायजे होती. चूक मायी आहे." आणि ओमेशच्या दोन बारांची हकिकत तिने तारखेसकट तिथल्या कारकुनाकडून लिहवून दिली. खाली तिचा अंगठा नाही, सही आहे, मोठ्या गोल अक्षरांत.

बस स्टँडपर्यंत उमेंद्र तिच्या दहा पावलं पुढे चालला. फुलचूरहून भावाचा, म्हणजे रुचीच्या बापाचा, फोन तर दोनच दिवसांत आला. पोरीच्या सासरी तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, काय नडलं होतं तुझं, वगैरे. त्या तक्रारीचं पुढे काय झालं तेही सांगून टाकू: चौकशी झाली, आठ पाहुण्यांचे जबाब झाले, आठही जणांना फटाके ऐकू आले. मांडवाचं कापड धुवायला गेलं होतं. बळी तो कान पिळी, ही म्हण काही उगीच जुनी झालेली नाही.

त्या तीन आठवड्यांत पटलांच्या तीन एकरांतलं दोन एकर गेलं. एकदम नाही, रोज थोडं. रोज सकाळी सुशिलाबाई धुऱ्यावर जायची आणि काल उभं असलेलं आज आडवं बघायची. तिने पोराकडे कधी तक्रार केली नाही आणि आपण बरोबर केलं असंही कधी म्हणाली नाही. एका सकाळी मात्र चिखलातल्या लोंब्या वेचता वेचता ती खाली बसली आणि रडली, आणि रडता रडता डुकरांना नाही, माणसांना शिव्या दिल्या. ओमेशला दिल्या, ठाणेदाराला दिल्या, टाळ्या वाजवणाऱ्या अख्ख्या मांडवाला दिल्या. नीतू अवघडलेल्या अंगाने शेजारी येऊन उभी राहिली. "बस झालं माय," म्हणाली, "उठा." मग दोघींनी मिळून राहिलेल्या लोंब्या टोपलीत भरल्या.

पुढच्या तारखेला मुन्नालाल येणार नाही, असं उमेंद्रने आधीच सांगून ठेवलं होतं. अकरा वाजता नाव पुकारलं तेव्हा तो नव्हता. साडेअकराला तो आला, लग्नातला शर्ट घालून, घामाघूम.

"तुम्हाला या बाईंची भीती वाटली होती का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही जी. मी तिले चहा पाजला होता."

"बंदूक होती तेव्हा?"

"बाकड्याले टेकून होती. बाकडं मायंच आहे."

कोपऱ्यातला शिपाई हसला. अधिकारी बाई हसल्या नाहीत, त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. दुपारी आदेश हातात आला. नियमभंगाबद्दल ताकीद, परवाना कायम, यापुढे शस्त्र पूर्ण झाकून न्यावे. दहशत निर्माण झाल्याचा आरोप सिद्ध होत नाही. कोणाही नागरिकास भीती वाटल्याचे आढळून येत नाही. सुशिलाबाईने ती शेवटची ओळ उमेंद्रकडून दोनदा वाचून घेतली आणि कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली. मुन्नालाल परत टपरीवर गेला. आठवडाभराने त्याला रस्त्याच्या कडेची जागा मोकळी करायला सांगितलं गेलं. आता तो शाळेजवळ चहा विकतो.

आदेशाच्या दुसऱ्या दिवशी सुशिलाबाई एकटीच ठाण्यात बंदूक आणायला गेली. नीतूने निळ्या ताडपत्रीची लांब खोळ शिवून दिली होती, वर चेन, खांद्याला पट्टा. मुन्शीने आदेश पाहिला, बंदूक काढून दिली. सुशिलाबाईने ती खोळीत घातली आणि चेन वरपर्यंत ओढली. ठाणेदार दारात उभे होते. त्यांना तरी तिच्याशी वैर कुठे होतं? चांगल्या मनाने म्हणाले, "हां, आता कसं! आता खुशाल गाडीने जा आजी. कोणाला कळणारसुद्धा नाही."

गुडघा दुखत होता. नऊ किलोमीटर चालायचं जिवावर आलं होतं. रिवाज मोडायचाच तर पुरता मोडू, असं मनाशी म्हणून ती काळी-पिवळी जीपमध्ये बसली. अकरा माणसं कोंबलेली. शेजारी एक तरुण बाई, मांडीवर दोन वर्षांचं पोरगं. पोरग्याने निळ्या खोळीवर पाय टाकले आणि टाचा आपटायला लागलं.

"काय आहे आजी हे, लांबच्या लांब?" बाईने हसून विचारलं.

सुशिलाबाईला खोटं बोलायची सवय नव्हती. "बंदूक," ती म्हणाली.

बाईचं हसू गेलं. तिने पोराचे पाय झटकन ओढून घेतले आणि त्याला छातीशी धरून खिडकीला चिकटली. मागचा माणूस म्हणाला, "का म्हनाली? बंदूक?" शब्द पुढे ड्रायव्हरपर्यंत गेला. कोणीतरी म्हणालं, लपवून घेऊन चालली आहे. कोणीतरी मोबाइल वर धरला. ड्रायव्हरने जीप कडेला घेतली.

"आजी, उतरा."

"परवाना आहे बाप्पा. पिकाची आहे, डुकरायची. हे पाहा." तिने पोलक्यातून कागद काढला. "वाचा ना कोनी. लिवलं आहे याच्यात, कोनीच नाही भेलं मले."

कागदाला कोणी हात लावला नाही. पोरगं आता भोकाड पसरून रडत होतं आणि त्याची आई त्याचे डोळे पदराने झाकत होती, जणू पुढे काही वाईट दिसणार होतं. सुशिलाबाई खोळ सांभाळत, गुडघा धरत खाली उतरली. दार लावण्याआधी ड्रायव्हर तिच्यापासून हातभर लांब सरकला. जीप गेली, धूळ बसली, आणि ती रस्त्यात कागद हातात धरून उभी राहिली. तेवीस वर्षांत तिच्या बंदुकीला माणसं भ्याली ती त्या दिवशी, आणि त्या दिवशी बंदूक नियमाप्रमाणे पूर्ण झाकलेली होती.